बाटलीवरची बारीक अक्षरे

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते, कंपाउंडर बाहेरची बाके आत घेत होता, तेवढ्यात एक तरुण दवाखान्यात शिरला. पुण्याला एका कंपनीत नोकरीला असतो. त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या तात्यांना, मी पंचवीस वर्षे ओळखतो. तात्यांच्या उजव्या गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग निघाला आहे. जिल्ह्याच्या गावी तुकडा काढून तपासला, पुढे मुंबईला नेऊन दाखवले, तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार सांगितले. जबड्याच्या हाडाचा थोडा भाग काढावा लागेल, हेही सांगितले. शस्त्रक्रियेची तारीख बारा दिवसांवर आली होती.

मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर करंगळीएवढ्या बाटलीचे चित्र आणि खाली इंग्रजीत नाव : रिकॉम्बिनंट ह्युमन पी-५३ प्रोटीन.

"काका, हे बघा. कॅन्सरला आवर घालणारं प्रोटीन आहे हे. माणसाचंच आहे. तात्यांच्यात नेमकं हेच बिघडलेलं असणार, असं सगळीकडे लिहिलंय. एक जण बाहेरून मागवून देतो म्हणतोय. दहा बाटल्या लागतील म्हणे. रस्त्याकडेचा रानाचा तुकडा विकायचं चाललंय घरात. ऑपरेशन तेवढं दोन महिने पुढं ढकललं तर चालेल का?"

चालणार नाही, हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितले. पण 'का चालणार नाही' हे नीट सांगता आले नाही, हेही कबूल करतो. मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर. आमच्या शिक्षणाच्या काळात पी-५३ हे नाव विकृतिशास्त्राच्या तासाला एखाद्या ओळीत येऊन गेले असेल तेवढेच. मुलाला म्हटले, "दोन दिवस दे. रविवारी ये, तात्यांनाही घेऊन ये." त्या दोन रात्री वाचण्यात गेल्या. जे कळले ते आज इथे मांडतो आहे, कारण असा मोबाईल हातात घेऊन येणारा हा एकच मुलगा नव्हे.

वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते एका गोष्टीने. मुलाचे एकही वाक्य खोटे नव्हते. ते प्रथिन कर्करोगाला आवर घालते, हे खरे. ते माणसाचे आहे, हे खरे. तात्यांच्या गाठीत ते बिघडलेले असण्याची शक्यता मोठी आहे, हेही खरे. आणि तरीही ती बाटली म्हणजे औषध, हे साफ खोटे. लबाड माणूस हल्ली धादांत खोटे बोलत नाही. तीन खऱ्या गोष्टी सांगतो आणि चौथी आपल्याला मनातल्या मनात जोडून घ्यायला लावतो.

आता हे पी-५३ म्हणजे काय ते पाहू. तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम आठवा. आता संगणक आले, पण जुनी नोंद हवी असली की नकलेचा अर्ज करावाच लागतो. मूळ दप्तर खोलीबाहेर जात नाही. ज्या पानाची गरज आहे त्याची नक्कल निघते आणि पुढची कामे त्या नकलेवर चालतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असेच एक दप्तर आहे, डी.एन.ए. चे. त्यात प्रथिने कशी बनवायची याच्या सुमारे २० हजार नोंदी आहेत, त्यांना आपण जनुके म्हणतो. गालाच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत दप्तर तेच. फरक पडतो तो कोणत्या पानाची नक्कल निघते यामुळे. हे ठरवणारे काही कारकून असतात. ते दप्तरात नेमके पान शोधून त्याच्या वरच्या कोपऱ्यावर बसतात आणि 'याची नक्कल काढा' किंवा 'याची थांबवा' असा हुकूम देतात. हे कारकून म्हणजेही प्रथिनेच. शास्त्रज्ञ त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. माणसात असे सुमारे १,६०० आहेत.

पी-५३ त्यांतला एक, आणि त्याचे खाते आणीबाणीचे. डी.एन.ए. ला इजा झाली की हा जागा होतो. पेशीचे विभाजन थांबवणारी, दुरुस्ती करणारी आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावणारी पाने उघडून नकला काढायला लावतो. बिघडलेली पेशी एकटी मरते, माणूस वाचतो. हाच कारकून कामातून गेला, तर बिघडलेली पेशी वाढतच राहते. माणसाला होणाऱ्या कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत पी-५३ चे जनुक बिघडलेले सापडते. तोंडाच्या कर्करोगातही ते वारंवार सापडते. गाल आणि हिरडीच्या कर्करोगाच्या जनुकांचा मोठा अभ्यास आपल्या देशात झाला. त्यात खारघरची टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था होती आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बिघडलेल्या जनुकांच्या त्या यादीतही हे नाव आहे.

याचा शोध कसा लागला ती हकीकत मजेची आहे. १९७९ मध्ये लंडनला डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड, तर अमेरिकेत प्रिन्स्टनला आर्नल्ड लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेत माकडाच्या एका विषाणूचा अभ्यास चालला होता. त्या विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले हे दुसरे प्रथिन सापडले. त्याचे वजन ५३ हजार एककांच्या आसपास दिसले म्हणून पी-५३ हे नाव पडले. पुढे कळले की ते तपासणीच्या पट्टीवर सरकायला आळशी आहे, म्हणून जड वाटते. खरे वजन ४४ हजारांच्या जवळ आहे. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. त्याहून मोठी चूक अशी झाली की, गाठींमध्ये ते भरपूर सापडते म्हणून दहा वर्षे सगळे त्याला कर्करोग घडवणारे समजत होते. १९८९ मध्ये उलगडा झाला. प्रयोगांत वापरलेले जनुक मुळातच बिघडलेले होते. चांगले जनुक घालून पाहिले तेव्हा ते गाठ वाढूच देईना. त्याच वर्षी बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे जनुक मोडलेले असते, हे दाखवले. दहा वर्षे पोलिसाला चोर समजून त्याचा माग काढला जात होता म्हणायचे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, ती बाटली याच कामासाठी असते. शुद्ध आणि खात्रीचे प्रथिन हाताशी नसेल तर शास्त्रज्ञाला त्याच्याविषयी काहीच ठामपणे सांगता येत नाही. माणसाच्या पेशीत ते फार थोडे असते आणि हजारो इतर प्रथिनांत मिसळलेले असते. म्हणून माणसाचे जनुक आतड्यातल्या ई. कोलाय नावाच्या जंतूत घालतात. काही वेळा किड्यांच्या पेशींतही घालतात. तो जंतू मग स्वतःच्या प्रथिनांबरोबर माणसाचे प्रथिनही बनवतो. विरजणासारखा तो वाढवायचा, फोडायचा आणि त्यातून हवे ते वेगळे काढायचे. वेगळे काढणे सोपे जावे म्हणून पुष्कळदा प्रथिनाला आधीच एक छोटे शेपूट जोडलेले असते, ते निकेल धातूला चिकटते. निकेल भरलेल्या नळीतून सगळा रस सोडला की शेपूटवाले मागे राहते, बाकीचे वाहून जाते. एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात घालून बनवलेले म्हणून 'रिकॉम्बिनंट'. आणि जनुक माणसाचे म्हणून 'ह्युमन'. या 'ह्युमन' शब्दाने पुष्कळांची फसगत होते. माणसाचे म्हणजे माणसासाठी, असा त्याचा अर्थ नाही.

या मार्गाने काय साधले याचे एक उदाहरण देतो. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कर्करोग संस्थेत निकोला पाव्हलेटिच यांच्या गटाने जंतूत बनवलेल्या या प्रथिनाचा मधला भाग डी.एन.ए. च्या तुकड्यासह स्फटिकरूपात आणला आणि क्ष-किरणांनी त्याची घडण पाहिली. रुग्णांच्या गाठींत ज्या ठिकाणी बिघाड वारंवार सापडत होते, त्यांतली काही नेमकी ती निघाली, जिथे हे प्रथिन डी.एन.ए. ला हात लावते. म्हणजे कारकुनाची बोटेच तुटलेली. पान समोर असून उघडता येत नाही. हे एरवी कोणाला दिसले असते?

मग हेच प्रथिन टोचले तर काय बिघडते? तात्यांच्या मुलाने रविवारी आल्या आल्या हेच विचारले. "काका, इन्सुलिन तर असंच जंतूत बनवतात ना? ते टोचलेलं चालतं, मग हे का नाही?" प्रश्न हुशारीचा होता. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मानवी इन्सुलिन हे असे बनवलेले पहिले औषध. पण इन्सुलिनला पेशीच्या आत जावे लागत नाही. पेशीच्या बाहेरच्या अंगाला त्याची कडी असते, तेवढी वाजवली की काम झाले. पी-५३ चे काम आतल्या खोलीत, दप्तराजवळ. ३९३ अमायनो आम्लांची ही लांबलचक माळ पेशीच्या भिंतीतून आपोआप आत जात नाही. रक्तात सोडली तर वाटेतच तिचे तुकडे होतात. समजा थोडी आत गेलीच, तरी निरोगी पेशीसुद्धा पी-५३ ला फार वेळ टिकू देत नाही, काही मिनिटांत मोडीत काढते. शिवाय हे एकटे काम करत नाही, चारांच्या जुडीने करते. कर्करोगाच्या पेशीत आधीच बिघडलेले पी-५३ साचलेले असते. नवा चांगला कारकून त्या टोळीत सापडला की जुडीच निकामी होते.

आणि मात्रेचे काय? त्या बाटलीत २० मायक्रोग्रॅम प्रथिन होते. आमच्याकडे येणारा मधुमेही सकाळी २० युनिट इन्सुलिन घेतो, त्याचे वजन भरते सुमारे ७०० मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या एका बाटलीतला ऐवज वजनाने इन्सुलिनच्या एका युनिटपेक्षाही कमी. दहा बाटल्या मिळून सहा युनिटे होत नाहीत. परीक्षानळीतल्या प्रयोगाला ते पुष्कळ झाले. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला त्याने काय होणार?

काहीच होणार नाही, एवढ्यावर भागले असते तर पैशांचे नुकसान म्हणून सोडून दिले असते. पण ई. कोलाय जंतूच्या कवचात एक विष असते. औषध म्हणून बनवताना ते काढून टाकल्याची खात्री प्रत्येक घाण्यामागे करतात. प्रयोगशाळेच्या मालाला ती अट सहसा नसते, निर्जंतुक असण्याचीही नसते. असे काही शिरेतून गेले तर हुडहुडी भरून ताप येईल, रक्तदाब कोसळेल. आधीच खंगलेल्या माणसाचा जीवही जाऊ शकतो. शिवाय हा माल उणे ७०-८० अंशांवर ठेवायचा असतो. तो मध्यस्थ कुरियरने मागवून देणार होता, आमच्या उन्हाळ्यात!

मुलाला म्हटले, "तो फोटो मोठा कर." त्याने बोटांनी चित्र ओढले. नावाखाली बारीक अक्षरांत इंग्रजीत एक ओळ होती : फॉर रिसर्च यूज ओन्ली. फक्त संशोधनासाठी. त्याखाली, माणसांत किंवा निदानासाठी वापरू नये. बनवणाऱ्या कंपनीने काही लपवले नव्हते. असा माल बहुतेक कंपन्या संस्थांना विकतात, घरगुती गिऱ्हाइकाला नाही. लपवले ते मधल्या माणसाने. मुलगा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. शिकलेला मुलगा, पण वडिलांचा जबडा कापणार हे ऐकल्यापासून त्याला झोप नव्हती. अशा माणसाला बारीक अक्षरे दिसत नाहीत. त्यात हसण्यासारखे काही नाही. आमच्या व्यवसायातले काहीजण अशा नातेवाइकांना झिडकारतात, 'मोबाईलवरचे डॉक्टर' म्हणून टिंगल करतात. झिडकारलेला माणूस थेट त्या मध्यस्थाकडे जातो. तो निदान खुर्ची देतो, चहा पाजतो.

दोष वर्तमानपत्रांचाही आहे, आणि संपादकांनी रागावू नये, यात आपलेही पान आले. परीक्षानळीत दहा पेशी मेल्या की 'कर्करोगावर रामबाण सापडला' असा मथळा येतो. बशीतल्या पेशी मारणे अवघड नाही, मीठसुद्धा मारते. बशीतून उंदरात, उंदरातून मोजक्या माणसांत, मोजक्यांतून शेकड्यांत, या प्रत्येक पायरीवर बहुतेक रामबाण गळतात. ते गळाल्याची बातमी मात्र कोणी देत नाही. तात्यांच्या घरात अशी कात्रणे जपून ठेवलेली आहेत, मी पाहिली.

"चीनमध्ये तर मिळतं म्हणे," हा मुलाचा शेवटचा प्रश्न होता. हेही अर्धे खरे. चीनने २००३ मध्ये पी-५३ वर आधारलेले एक औषध डोके व मानेच्या कर्करोगासाठी मान्य केले. पण त्यात प्रथिन नव्हते. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून जनुक पेशीत पाठवायची ती युक्ती होती, आणि तीही किरणोपचारांच्या जोडीने. अमेरिका-युरोपात अशा औषधाला मान्यता मिळाली नाही. दुसरीकडे केंब्रिजला अ‍ॅलन फर्श्ट यांच्या प्रयोगशाळेत अशाच शुद्ध प्रथिनावर काम करताना दिसले की एका विशिष्ट बिघाडामुळे पी-५३ ला एक खळगा पडतो. तो बुजवला तर ते पुन्हा उभे राहते. त्या वाटेने पुढे निघालेली गोळी माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचली. पण ती त्या एकाच बिघाडासाठी आहे. म्हणून मी त्या बाटलीला नावे ठेवणार नाही. १९७९ पासून इतक्या वर्षांत जे थोडे हाती आले ते असल्या बाटल्यांतूनच. माझे म्हणणे एवढेच की तिची जागा प्रयोगशाळेच्या शीतपेटीत आहे, तात्यांच्या शिरेत नाही.

कोणाला खरोखरच नव्या औषधाच्या चाचणीत जायचे असेल तर त्याची सरळ वाट आहे. आपल्या देशात चाचण्यांची नोंद सरकारी नोंदवहीत व्हावी लागते. ती कोणालाही पाहता येते, आणि मोठ्या कर्करोग रुग्णालयातले डॉक्टर ती पाहून सांगतात. चाचणीत सही घेतात, धोके समजावतात, आणि औषध घ्यायला रान विकायला सांगत नाहीत. जो सांगतो, त्याची चाचणी नव्हे हे समजावे.

तात्या इतका वेळ गप्प बसले होते. गालामुळे बोलणेही कमी झाले आहे. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, बाटली राहू द्या. हाड काढल्यावर भाकरी खाता येईल का?" मला वाटते, सगळ्या घराने जी भीती बाटलीमागे लपवली होती ती त्या एका वाक्यात बाहेर आली. मी खरे ते सांगितले. सुरुवातीचे काही दिवस नाकातल्या नळीने पेज, दूध, डाळीचे पाणी. मग मऊ भात, कण्या. भाकरी कुस्करून कदाचित, पूर्वीसारखी कडक नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावे लागतील, ते कंटाळवाणे असतात. आणि हेही सांगितले की दोन महिने थांबलात तर आज हाडाचा थोडा भाग जातो आहे त्याऐवजी जास्त जाईल, किंवा शस्त्रक्रिया करण्यासारखी स्थितीच राहणार नाही. ते ऐकून तात्या उठले आणि मुलाला म्हणाले, "चल, तारीख पक्की असल्याचं कळवून टाक."

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी मुंबईला झाली. परवा मुलगा कागदपत्रे दाखवायला आला होता. रान विकलेले नाही. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "काका, तात्यांचं जनुक बिघडलं, तर माझंही बिघडलेलं असेल का? तपासून घेऊ का?" हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो म्हणून उत्तर इथेही देतो. पी-५३ चे बिघडलेले जनुक जन्मतःच घेऊन येणारी कुटुंबे असतात. त्यांच्यात लहान वयात, निरनिराळ्या जागी कर्करोग होतात, पण अशी कुटुंबे विरळा. तात्यांचे तसे दिसत नाही. त्यांचा बिघाड गालाच्या त्या पेशींत, आयुष्यात केव्हातरी झालेला. चाळीस वर्षे त्या गालात चुना-तंबाखूचा बार असे. धूम्रपानाच्या बाबतीत तर हे फार स्पष्टपणे दिसले आहे. १९९६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले की धुरातल्या एका रसायनाचा घाव पी-५३ च्या जनुकावर ज्या ठिकाणी बसतो, त्याच ठिकाणी फुप्फुसाच्या कर्करोगात ते मोडलेले सापडते. चघळायच्या तंबाखूतली विषे थोडी निराळी, पण तीही डी.एन.ए. लाच डसतात.

एवढे बोलून मी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बोट केले. पुडीचा कोपरा वर आला होता. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, तरी ती पुडी आमच्याच चौकातली होती. त्याने ती काढून टेबलावर ठेवली, काही बोलला नाही. मग आम्ही तात्यांच्या नळीतून दिवसातून किती वेळा पेज द्यायची याचा कागद लिहायला बसलो.